यंत्राला गार्ड की माणसाला मज्जाव?



साहित्य, इतिहास, संतवाङ्मय अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे आणि वैशाखातल्या संध्याकाळी आपण ते निवांत ऐकावे, असा या व्याख्यानमालेचा रिवाज आहे. त्या रांगेत चालकांनी आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला आणून उभे केले, हे त्यांचे धाडसच म्हटले पाहिजे. त्यातून विषय शेअरबाजाराचा. ज्याची सगळी हयात भांडवलाशी तंडण्यात गेली, त्याने भांडवलबाजारात कोणी जावे आणि कोणी जाऊ नये यावर बोलावे, हे ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. तथापि हा विषय आम्ही होऊन मागून घेतला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रविवारची सभा होती, विषय बोनसच्या मागणीचा होता. नागापूरच्या आणि सुप्याच्या एमआयडीसीतली बरीच तरुण मुले आली होती. आम्हाला वाटले, चला, पोरांना युनियनची आठवण झाली! बोनसचा ठराव संपतो न संपतो तोच सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक ऑपरेटर उठला आणि म्हणाला, "अण्णा, आणखी एक ठराव घ्या. सेबी आमचं ऑप्शनचं ट्रेडिंग बंद करायला निघाली आहे. त्याचा युनियनने निषेध करावा."

आम्ही वयाला शोभेल असे चार शब्द सुनावले. जुगाराच्या बाजूने ठराव करणारी युनियन आम्ही अद्याप पाहिली नाही, असेही म्हणालो. पोरगा शांत होता. म्हणाला, "अण्णा, तुम्ही पगारात दोन हजार वाढवून आणता, त्याला तीन वर्षं लागतात. तेवढ्यात घरभाडं अडीच हजारांनी वाढलेलं असतं. श्रीमंत माणूस कशातही पैसे घालतो, त्याला कोणी अडवत नाही. आम्हीच तेवढे लहान पोरं का?"

सभेत टाळ्या पडल्या, आणि त्या आम्हाला नव्हत्या. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली आणि सभा आटोपली.

सेबी म्हणजे रोखेबाजारावर देखरेख ठेवणारी कायद्याने नेमलेली संस्था, हे आपण जाणताच. त्या संस्थेने ३० जुलै २०२४ रोजी एक मसुदा प्रसिद्ध करून २० ऑगस्टपर्यंत जनतेचे मत मागविले होते. आमच्या हाती आला तो इंग्रजीतला. शब्दकोश जवळ घेऊन आम्ही तो चार रात्री वाचला. इंग्रजी आम्ही लेबर कोर्टाचे निकाल वाचून वाचून शिकलो, त्यामुळे कायद्याची भाषा एक वेळ उमगते. बाजाराची भाषा उमगेना. अखेर त्या ऑपरेटरलाच घरी बोलाविले आणि त्याच्याकडून शिकवणी घेतली. आमची बरीचशी विद्या अशाच मार्गाने आलेली आहे.

ऑप्शन म्हणजे काय, ते आम्हाला समजले तसे नेप्तीच्या कांदा बाजाराच्या भाषेत सांगतो. समजा, आज कांदा क्विंटलला दोन हजार आहे. येत्या अमुक वारापर्यंत तुमचा माल दोन हजार शंभरने घेण्याचा हक्क माझ्याकडे राहील, एवढ्यासाठी मी तुम्हाला तीस रुपये इसार देतो. भाव तेवीसशेला गेला तर मी दोनशे सुटे करतो आणि तीसच्या जागी एकशे सत्तर कमावतो. भाव गेला नाही तर माझा इसार बुडाला आणि तो तुमच्या खिशात गेला. बस, इतकेच. फरक एवढाच की इथे कांदाही नाही आणि गाडीही नाही. निफ्टी नावाचा एक आकडा आहे, त्याच्या हालचालीवर इसार लावायचा आणि दर आठवड्याच्या ठरल्या वारी हिशेब मिटवायचा. इसार देणारा स्वस्तात मोठी आशा विकत घेतो, आणि बहुतेक वेळा इसार घेणाऱ्याचे फावते. नेप्तीचा व्यापारी हे सेबीपेक्षा थोडक्यात सांगेल.

आता नुकसानीचे बोलू. सेबीने २०२३ च्या जानेवारीत पहिली पाहणी प्रसिद्ध केली होती. २०२१-२२ साली या व्यवहारात पडलेल्या व्यक्तींपैकी शेकडा ८९ जणांना तोटा आला होता. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी पाहणी आली. तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी हा व्यवहार केला, त्यांतले शेकडा ९३ बुडाले, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास गेले, आणि एकूण रक्कम एक लाख ऐंशी हजार कोटींच्या घरात होती. हा पैसा कोठे गेला? २०२३-२४ या एका वर्षात मोठ्या दलाली पेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी २८ हजार कोटी कमावले, खर्च वजा न करता. त्यातला बहुतेक सर्व नफा संगणकांनी आपोआप केलेल्या व्यवहारांचा होता. समोर संगणक बसलेला, आणि अलीकडे आमचा पोरगा, दुसरी पाळी करून आलेला, मोबाईल हातात घेऊन! या मंडळींपैकी शेकडा ७५ हून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितले होते, आणि तिशीच्या आतले शेकडा ४३ होते. म्हणजे सेबीचे हे आकडे आमच्या सभेतल्याच मुलांचे होते.

इतके कळल्यावर निर्णय सोपा वाटावा. बंदी घाला, दार लावा! परंतु विरोध करणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकल्यावाचून आम्ही आयुष्यात कधी समेटाला बसलो नाही, आणि या प्रकरणात विरोध करणारे आमचेच सभासद होते.

हा विरोध काही आपल्याकडेच झाला असे नाही. अमेरिकेत दलालांवर देखरेख करणाऱ्या फिनरा नावाच्या संस्थेने २०२२ च्या मार्चमध्ये गुंतागुंतीच्या फंडांसंबंधी आणि ऑप्शनसंबंधी असाच विचार पुढे मांडला. सामान्य माणसाला ते विकण्यापूर्वी त्याच्या ज्ञानाची परीक्षा घ्यावी काय, काही अटी घालाव्या काय, असे तिने विचारले. हजारो लोकांनी विरोधाची पत्रे पाठविली. पुष्कळशा पत्रांचा मसुदा एकच होता, म्हणजे लिहून देणारा कोणी तरी होता. आम्ही मोर्चे काढलेले आहेत, तेव्हा एकाच मसुद्याच्या पत्रांचे आम्हाला नवल वाटत नाही. परंतु मसुदा दुसऱ्याचा असला म्हणून खाली सही करणाऱ्याची चीड खोटी ठरत नाही. त्या चिडीचा गाभा असा, की तुम्ही आमची समज मोजत नाही, आमचा खिसा मोजता.

आणि हे म्हणणे, मंडळी, खरे आहे. आपल्या देशातले नियम पाहा. भांडवलदारांच्या खास फंडांत, ज्यांना पर्यायी गुंतवणूक निधी म्हणतात, २०१२ पासून एक कोटी रुपये असल्याखेरीज शिरकाव नाही. श्रीमंतांचे पैसे स्वतंत्रपणे सांभाळून देणाऱ्या पोर्टफोलिओ सेवेला पूर्वी पंचवीस लाख लागत, २०२० पासून पन्नास लाख लागतात. १ एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना 'विशेष गुंतवणूक निधी' नावाचा नवा प्रकार काढण्याची मुभा मिळाली. त्यात बाजार पडण्यावरही डाव लावता येतो. त्याचा उंबरठा दहा लाखांचा. कोठेही असे विचारलेले नाही की बाबा, तुला हे समजते का? विचारतात ते इतकेच, की तुझ्यापाशी किती आहेत?

आता या उंबरठ्याची गंमत ऐका. गंमत म्हणायची आणि पोटात गोळा यायचा, अशातली ही गोष्ट आहे. कामगार आयुष्यात एकच दिवस श्रीमंत असतो, आणि तो म्हणजे निवृत्तीचा. तीस-पस्तीस वर्षांचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे एकदम खात्यावर पडतात. आमचा एक जुना सोबती असाच निवृत्त झाला. चौदा लाख मिळाले. पेन्शन किती? आपल्याला ठाऊक असेल, भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन महिना एक हजार ठरले, आणि ते वाढवावे म्हणून आमचे म्हातारे वर्षानुवर्षे रस्त्यावर बसत आले. तर हा गडी मुदतठेव करावी म्हणून बँकेत गेला. तिथल्या एका गोड बोलणाऱ्या तरुणाने त्याला आत नेऊन बसविले, चहा पाजला, आणि मुदतठेवीऐवजी भलत्याच कागदांवर अकरा सह्या घेतल्या. घरी येऊन त्याने वहिनींना सांगितले, "ठेव केली, व्याज जास्त आहे." दीड वर्षाने मुलीच्या बाळंतपणाला पैसे लागले तेव्हा कळले की पैसे बाजाराशी बांधलेले आहेत, मुदतीआधी काढले तर कापून मिळतील, आणि बाजार तर त्या महिन्यात पडलेला. तो आमच्याकडे आला. कागद समोर ठेवले. आम्ही वाचले, आम्हालाही अर्धे समजले नाहीत. तो म्हणाला, "अण्णा, सही माझीच आहे." त्यापुढे बोलणे खुंटले.

दहा लाखांच्या उंबरठ्यावर हा माणूस अडला असता काय? छे! तो तर सहज ओलांडून गेला असता, वर चार लाख शिल्लक राहिले असते. ज्याच्या रक्षणासाठी उंबरठा उंच केला म्हणतात, तोच त्या एका दिवशी त्याहून उंच असतो. आणि जो तरुण अभ्यास करून, दरमहा हजार रुपये घालून शिकू पाहतो, तो मात्र बाहेर राहतो. आमचा त्या ऑपरेटरशी इथपर्यंत मतभेद उरला नाही, हे आम्ही त्याला प्रांजळपणे सांगून टाकले.

या जिल्ह्याला तर सामान्य माणसाने भांडवलात उतरण्याचे वावडे असण्याचे कारणच नाही. लोणीला १९५० साली प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला, तो शेतकऱ्यांनी शेअर घेऊन. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला. शहाण्या लोकांनी तेव्हाही म्हटलेच असेल, की शेतकऱ्याला कारखान्याचे काय कळते! साखर कारखाना ही काही साधी गुंतवणूक नव्हती. परंतु त्या शेअरवाल्याला कारखान्याचे धुराडे घरून दिसत होते, ऊस त्याच्याच शेतातला होता, काट्यावर वजन होताना तो उभा होता, आणि वार्षिक सभेत उठून चेअरमनला जाब विचारण्याचा त्याला अधिकार होता. पुढे सहकारात काय काय झाले, ते सांगण्याला दुसरे व्याख्यान लागेल आणि पुढच्या वर्षी आम्हाला कोणी बोलावणार नाही. पण त्या शेतकऱ्याचा धोका डोळ्यांसमोरचा होता आणि त्याला आवाज होता, हे नाकारता येत नाही.

उलटपक्षी, जे साधे ते सुरक्षित, असेही नाही. १९१० साली स्थापन झालेली आपली नगर अर्बन बँक घ्या. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. तिथे लोकांनी काही ऑप्शन घेतलेले नव्हते, साध्या ठेवी ठेवल्या होत्या. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. त्यावरच्यांनी काय करायचे? तेव्हा "गरिबाने मुदतठेव करावी आणि गप्प बसावे" हा उपदेश या शहरात जरा जपून करावा लागतो.

मग आम्ही विरोधाचा ठराव केला काय? नाही केला. का, ते सांगतो. आणि त्यासाठी आपल्याला प्रेस-शॉपमध्ये यावे लागेल.

पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने धोक्याच्या यंत्राला अशी आडकाठी घालणे मालकावर बंधनकारक केले होते. एका कारखान्यात आम्ही पाहिले, कामगारांनीच एका बटणात लाकडाची काडी खोचून ते कायमचे दाबून ठेवले होते. का? तर नगावर मजुरी होती. दोन बटणांनी तासाला नग कमी पडत. गार्ड बसवा म्हणून आम्ही गेलो तर कामगारच आमच्यावर धावून आले. "तुम्ही आमच्या पोटावर पाय देता!" मालक बाजूला उभा राहून हसत होता. त्याने आम्हाला सांगितले, "काडी मी खोचलेली नाही." आणि ते खरे होते. पुढे तीन महिन्यांत तिथे एकाची दोन बोटे गेली.

त्या प्रसंगी आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, कामगाराचे स्वातंत्र्य म्हणून काडी तशीच राहू द्यायची. दुसरी, ज्यांना अक्कल नाही त्यांना प्रेसवर घेऊच नका असे म्हणायचे. तिसरी, गार्ड पक्का बसवायचा, आणि नगाचा दर असा वाढवून घ्यायचा की काडी खोचण्याची गरज राहू नये. आम्ही तिसरी धरली. दोन वर्षे लागली. (त्या ऑपरेटरचे म्हणणे बरोबरच आहे, आम्हाला वेळ लागतो.)

सेबीचा मसुदा आम्ही या नजरेने पुन्हा वाचला, तेव्हा त्यात दोन जातींच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसल्या. एका बाजाराने आठवड्याला एकाच निर्देशांकाचा हिशेब मिटवावा, रोज नवा डाव मांडू नये. इसाराची रक्कम दलालाने आधीच पुरी घ्यावी, उधारीवर खेळवू नये. हा झाला यंत्राचा गार्ड. तो गरीब-श्रीमंत सर्वांना सारखा लागतो, आणि ज्याची कमाई उलाढालीवर आहे त्याचा हात धरतो. व्यक्तींनी तीन वर्षांत दलाली, बाजाराचे शुल्क आणि कर मिळून पन्नास हजार कोटींच्या आसपास भरले, त्यातले निम्मे एकट्या दलालीचे होते. तेव्हा विरोधाच्या गर्दीत कोणाचा गळा का दुखत होता, तेही ओळखावे. परंतु कराराचा आकार पाच-दहा लाखांवरून निदान पंधरा लाखांवर नेणे, हा गार्ड नव्हे. हा माणसाला मज्जाव झाला. गेटवर उभे राहून चपला पाहून आत सोडण्याचा प्रकार.

आणि मज्जाव केलेला माणूस घरी जात नाही, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिलेले आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-मिटते भाव तारेने मुंबईला येत, त्यांवर लोक आकडा लावीत. कापसाच्या खऱ्या सौद्यात शिरण्याची गिरणी कामगाराची ऐपत नव्हती, म्हणून तो चार आण्यांचा आकडा लावी. तो भाव येणे बंद झाल्यावर साठ-बासष्टच्या सुमारास मटका आला. पारनेर-संगमनेरकडची किती घरे मनिऑर्डरीची वाट पाहत बसली आणि मनिऑर्डर मटक्यात गेली, याची नोंद कोणत्या पाहणीत नाही.

फार लांब कशाला, शेवगावला जाऊन या. २०२४ साली तिथे काय झाले ते आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. गावोगाव शेअर ट्रेडिंगची कचेरी थाटून, दरमहा शेकड्याला दहा-बारा रुपये परतावा देतो म्हणून पोरांनी लोकांचे पैसे गोळा केले. प्रथम काही महिने पैसे चोख दिले, आणि मग एकामागून एक कचेऱ्यांना कुलपे लागली. कोणी जमीन विकून दिले होते, कोणी सोने मोडून. ज्यांना पन्नास लाखांच्या उंबरठ्यावरून आत घेतले नाही, त्यांच्यासाठी मागच्या दाराने पन्नास हजारांत तोच माल दाखविला गेला. फरक इतकाच की मागच्या दाराला ना परवाना होता, ना पावती, ना तक्रारीची खिडकी. भाच्याने मामाचे घेतले, मित्राने मित्राचे. फौजदारी झाल्या; पैसे किती जणांच्या हाती परत पडतील, हे त्यांनाच विचारावे.

म्हणून २० ऑगस्टच्या आत आम्ही सेबीला पत्र पाठविले ते निषेधाचे नव्हते आणि पाठिंब्याचेही नव्हते. मराठीत लिहिले, सोबत एका वकीलमित्राकडून इंग्रजी करून घेतले. त्यात मागणी केली की गार्ड जितके घालाल तितके घाला. खिशाचे माप काढून टाका आणि त्याऐवजी समजुतीची परीक्षा घ्या, ती मराठीत घ्या. निवृत्तीची रक्कम आलेल्या माणसाला अशी कोणतीही वस्तू विकल्यास पहिल्या महिन्यात विनाकपात परत करण्याचा हक्क असू द्या. आणि गिऱ्हाइकाला समजले नव्हते असे निघाले, तर "सही माझीच आहे" एवढ्यावर विकणाऱ्याला सोडू नका, समजावून दिल्याचे सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर टाका. कामगाराच्या बोटांबद्दल आम्ही मालकाकडे हेच मागत आलो.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी सेबीचे परिपत्रक निघाले. गार्ड आले आणि मज्जावही आला. निफ्टीचा एक लॉट पंचविसाचा होता तो पंचाहत्तरचा झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या इसाराला जिथे अडीच हजार लागत, तिथे साडेसात हजार लागू लागले. परीक्षा नाही, मराठी नाही, विकणाऱ्यावर बोजा नाही. २०२५ च्या जुलैत पुन्हा पाहणी आली. खेळणारे कमी झाले होते, पण २०२४-२५ सालीही शेकडा ९१ जण तोट्यातच होते, आणि तोटा एक लाख पाच हजार कोटींच्या वर होता. तो मागल्या सालच्या तोट्याहून मोठा होता. त्याच जुलैत सेबीने एका बड्या अमेरिकन पेढीवर, जेन स्ट्रीटवर, निर्देशांक हलविल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये अडकवून ठेवण्याचा अंतरिम हुकूम काढला. पेढीने आरोप नाकारला आणि प्रकरण अपिलात गेले, म्हणून त्यावर आम्ही अधिक बोलत नाही. पण आमच्या सभासदांनी ती बातमी वाचली आणि पुढच्या सभेत आमच्याकडे पाहिले, एवढे सांगतो.

तो ऑपरेटर दिवाळीनंतर भेटला. आम्ही विचारले, "काय, सुटला का नाद?" म्हणाला, "एकट्याला लॉट परवडत नाही अण्णा, म्हणून आम्ही चौघांनी मिळून करायचं ठरवलंय. शिफ्टमधलेच आहेत सगळे."

"खाते कोणाच्या नावावर?"

"माझ्याच."

"आणि कागद?"

"त्यांच्यात कशाला कागद," तो म्हणाला, "घरातलीच माणसं आहेत."

आम्ही त्याला तिथेच चहाच्या टपरीवर बसविले, दुकानदाराकडून एक वहीचा कागद मागितला, आणि चौघांची नावे, प्रत्येकाची रक्कम, आणि तोटा आल्यास कोणी कोठे थांबायचे, हे त्याच्याकडून लिहून घेतले. पुढल्या रविवारी तिघांना सह्यांसाठी बोलाविले आहे. दोघे येतो म्हणाले आहेत.